शिरोड्याचे मीठ आणि लोखंडाचा सांधा : कोकण किनाऱ्यावरील वितळजोडकामाची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात वसलेल्या शिरोडा या गावाचे नाव इतिहासात प्रामुख्याने दोन कारणांनी येते. पहिले कारण म्हणजे मे १९३० मधील मिठाचा सत्याग्रह. दुसरे, वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात येथे शिक्षक म्हणून केलेले वास्तव्य. एका घटनेने गावाला राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात स्थान दिले, तर दुसऱ्या घटनेने वाङ्मयाच्या. परंतु ज्या मिठामुळे शिरोडा प्रसिद्धीस आले, त्याच मिठाने या किनाऱ्यावरील आणखी एका व्यवसायाचे स्वरूप घडविले आहे. त्याची नोंद इतिहासाने फारशी घेतलेली नाही. तो व्यवसाय म्हणजे लोखंड जोडण्याचा.

प्रस्तुत लेखात हाताने केल्या जाणाऱ्या विद्युत् वितळजोडकामाचा, म्हणजे बोलीभाषेत ज्याला 'रॉडचे वेल्डिंग' म्हणतात त्या तंत्राचा, शिरोडा व परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. या तंत्रातील मूलभूत सांधे कोणते, त्यांची रीत कोठून आली आणि खाऱ्या हवेच्या प्रदेशात ती रीत का बदलावी लागते, हे तीन प्रश्न येथे घेतले आहेत. सांध्याची रीत केवळ यंत्र किंवा पाठ्यपुस्तक ठरवीत नाही, तर ज्या हवेत तो सांधा आयुष्य काढणार असतो ती हवाही ठरवते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

आर्कपूर्व काळ : भाता, शिसे आणि रिव्हेट

विजेच्या आगमनापूर्वी लोखंडाला लोखंड जोडण्याचे काम लोहाराच्या भट्टीवर होत असे. दोन तुकडे शुभ्र तप्त होईपर्यंत, म्हणजे सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, एकमेकांवर ठेवून घणाने ठोकले की ते एकजीव होत. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते. तेव्हा भट्टीच्या सांध्यात लोखंड वितळत नसे. मऊ झालेले दोन पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांत मिसळत. या कामातील मुख्य अडचण उष्णतेची नव्हती, तर तापलेल्या लोखंडावर हवेमुळे चढणाऱ्या पापुद्र्याची होती. त्यावर उपाय म्हणून लोहार तापलेल्या जागी बारीक वाळू किंवा टाकणखार टाकत असे. त्यामुळे पापुद्रा पातळ होऊन घणाच्या घावासरशी बाहेर फेकला जाई. सांध्यातील मळ वितळवून बाहेर काढणारा पदार्थ, ज्याला शास्त्रीय परिभाषेत 'अभिवाह' म्हणतात, तो अशा रीतीने लोहाराला फार पूर्वीपासून परिचित होता. आजच्या वेल्डिंग रॉडवरील लेप याच परंपरेतला आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

समुद्राशी झगडताना मात्र लोखंडाचा सांधा नेहमीच विश्वासाचा ठरत नसे. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर फळ्या काथ्याने शिवून बांधलेल्या होड्यांची परंपरा प्रदीर्घ आहे. काथ्याला गंज नाही आणि लाटेच्या धक्क्याने शिवण थोडी हलते, पण तुटत नाही. मालवणजवळच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामात (१६६४ ते १६६७) पायाच्या दगडांसाठी शिशाचा रस ओतल्याचे परंपरेने सांगितले जाते. शिसे मऊ व दुबळे असले तरी खाऱ्या पाण्यात ते लोखंडासारखे झपाट्याने झिजत नाही. मिठागरांतील पारंपरिक अवजारेही मुख्यतः लाकडी असत. या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. किनाऱ्यावरच्या माणसाने सांध्याची निवड करताना केवळ ताकद पाहिली नाही. खाऱ्या पाण्यात काय टिकेल हेही पाहिले.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी, बाष्पित्रे आणि लोखंडी पूल आले. त्यांच्याबरोबर रिव्हेटचे युग आले. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर चढवून, त्यांतून भोके पाडून, तापलेली रिव्हेट ठोकून बसविणे ही त्या काळाची सर्वमान्य रीत होती. १९४३ मध्ये वाहतुकीस खुला झालेला कलकत्त्याचा हावडा पूल हे रिव्हेटच्या बांधणीचे भारतातील ठळक उदाहरण होय. मात्र रिव्हेटच्या बांधणीत एक उणीव होती. पत्रे एकमेकांवर चढलेले असल्याने त्यांच्यामध्ये बारीक फट राहत असे. ती पाण्यासाठी बंद करण्याकरिता कडा छिन्नीने ठोकून दाबाव्या लागत आणि कालांतराने तेथूनच गळती सुरू होई. वेल्डिंग रॉडची जन्मकथा या गळतीपासून सुरू होते.

रॉडचा जन्म : जहाजदुरुस्तीच्या गरजेतून

दोन विद्युत् अग्रांमधील हवेच्या अंतरातून प्रखर ज्योत निर्माण करता येते, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हंफ्री डेव्ही यांच्या प्रयोगांतून दिसून आले होते. या विद्युत् प्रज्योतीचा, म्हणजे आर्कचा, धातू जोडण्यासाठी व्यवहार्य उपयोग १८८० च्या दशकात रशियन साम्राज्यातील निकोलाय बेनार्दोस यांनी केला. त्यांनी कार्बनची कांडी वापरली होती. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. ही कांडी आर्क निर्माण करी आणि स्वतः वितळून सांध्यात भरही घाली. १८९० मध्ये अमेरिकेत चार्ल्स कॉफिन यांना अशाच स्वरूपाच्या पद्धतीचे पेटंट मिळाले.

परंतु उघड्या तारेने घातलेला सांधा ठिसूळ व छिद्रयुक्त होत असे. वितळलेल्या लोखंडात हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शिरत हे त्याचे कारण. यावर उत्तर शोधले स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी. जहाजांच्या बाष्पित्रांची दुरुस्ती हे त्यांचे कार्यक्षेत्र होते आणि रिव्हेटच्या सांध्यांतील गळती कायमची बंद करणे ही त्यांची गरज होती. त्यांनी लोखंडी तार खनिजांच्या दाट लगद्यात बुडवून सुकविली. हा लेप आर्कच्या उष्णतेत जळताना वायूचे आवरण तयार करतो आणि वितळून सांध्यावर मळीचा थर धरतो. १९०४ मध्ये त्यांनी गोथेनबर्ग येथे स्थापन केलेली कंपनी पुढे 'ईसाब' या नावाने जगभर परिचित झाली. लोहाराने भट्टीवर टाकलेली चिमूटभर वाळू अशा रीतीने रॉडच्या अंगावर येऊन बसली.

पुढील घडामोडी वेगाने झाल्या. १९२० मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेले 'फुलागार' हे संपूर्णपणे वेल्डिंगने सांधलेले पहिले सागरगामी जहाज मानले जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २७०० हून अधिक 'लिबर्टी' जहाजे मुख्यतः वेल्डिंगच्या बळावर विलक्षण वेगाने बांधली. याच काळात एक कठोर धडाही मिळाला. जानेवारी १९४३ मध्ये 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असतानाच मधोमध दुभंगले. केंब्रिज येथील कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा घटनांचा अभ्यास करून, त्या वेळचे पोलाद थंडीत ठिसूळ बनते, हे दाखवून दिले. रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्यातली चीर त्या पत्र्याच्या कडेला थांबण्याची शक्यता असे. वेल्डिंगने सारे जहाज एकसंध झाल्यामुळे ती चीर अखंड धावत गेली. सांधा जितका एकजीव, तितकी त्यातील दोषाची किंमत मोठी, हा या घटनेचा निष्कर्ष लहान कार्यशाळेलाही लागू पडतो.

कोकणातील प्रवेश

स्वातंत्र्यानंतर भारतात रॉडचे उत्पादन वाढू लागले. १९५१ मध्ये मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी स्थापन झाली. कुशल कारागिरांच्या प्रशिक्षणासाठी केंद्र शासनाची योजना १९५० मध्ये सुरू झाली. तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले आणि वेल्डर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून शिकविला जाऊ लागला. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि ग्रामीण भागात वीज पोहोचू लागली. विजेशिवाय हे तंत्र खेड्यात येणे शक्य नव्हते. म्हणून वेल्डिंगचा ग्रामीण इतिहास हा एका अर्थाने विजेच्या तारेचा इतिहास आहे.

शिरोड्याच्या बाबतीत आणखी तीन प्रवाह लक्षात घ्यावे लागतात. पहिला प्रवाह मुंबईचा. या भागातील असंख्य चाकरमानी गिरण्यांत व गोद्यांत कामाला होते. त्यांच्यापैकी काहींबरोबर यंत्रकामाचे कौशल्य गावी परत आले असावे, असे मानण्यास जागा आहे. दुसरा प्रवाह गोव्याचा. शिरोड्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर तेरेखोलची खाडी आहे आणि तिच्या पलीकडे गोवा. वास्को येथील गोदी १९५७ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झाली. गोव्याच्या मुक्तीनंतर ती काही वर्षे माझगाव गोदीकडे होती आणि १९६७ पासून ती 'गोवा शिपयार्ड' म्हणून वाढली. मांडवी व जुवारी या नद्यांतून लोहखनिज वाहणाऱ्या पोलादी बार्जेस बांधण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसायही गोव्यात भरभराटीस आला. पोलादी बार्ज म्हणजे वेल्डिंगचीच निर्मिती. तिसरा प्रवाह अगदी शेजारचा, म्हणजे रेडीचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेडीच्या लोहखाणी, तेथील बंदर आणि खनिज वाहणारे ट्रक यांनी या परिसरात दुरुस्तीच्या कामाला कायमचे निमित्त पुरविले. ट्रकच्या हौद्याचा फाटलेला पत्रा, खोऱ्याचा झिजलेला ओठ, मोडलेली कमान ही सारी रॉडची कामे होत.

येथे एक विरोधाभास नमूद करण्यासारखा आहे. या मातीतले लोहखनिज जहाजांत भरून परदेशी जात राहिले, आणि गावातल्या कारागिराच्या हाती ते परत आले ते दूरच्या पोलाद कारखान्यांतले अँगल, पट्टी व रॉड यांच्या रूपाने. रॉडच्या लेपात वापरले जाणारे टायटॅनियमयुक्त रुटाइल हे खनिजही समुद्रकाठच्या वाळूतच सापडते. त्याच कुळातील इल्मेनाइटचे साठे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत असल्याचे भूवैज्ञानिकांनी नोंदविले आहे. जपानमध्ये तर इल्मेनाइटचा लेप असलेल्या रॉडचा स्वतंत्र प्रकारच मानला जातो.

पाच सांधे आणि त्यांची रीत

वेल्डिंगच्या शिक्षणात पाच मूलभूत सांधे सांगितले जातात. हे आकार वेल्डिंगने निर्माण केलेले नाहीत. त्यांतील बहुतेक सुतारकाम, लोहारकाम व रिव्हेटकाम यांतून वारशाने आले आहेत.

पहिला समोरासमोरचा, म्हणजे बट सांधा. दोन पट्ट्या एकाच पातळीत कडेला कड लावून जोडणे हे रिव्हेटला स्वतंत्र जोडपट्टीवाचून जमत नसे. आर्कने मात्र ते शक्य केले. सुमारे ३ मिलिमीटरपर्यंतच्या पातळ पट्टीत कडा सरळ ठेवून, मध्ये थोडी फट सोडली की पुरते. ६ मिलिमीटर व त्याहून जाड पट्टीत कडा तासून सुमारे ६० अंशांची खाच तयार करतात आणि तळाशी २ ते ३ मिलिमीटर फट सोडतात. या सांध्याचा प्राण त्याच्या मुळाशी असतो. वरून भरीव दिसणारा पण मुळापर्यंत न पोहोचलेला रस हा या सांध्याचा सर्वांत फसवा दोष आहे.

दुसरा चढता, म्हणजे लॅप सांधा. हा सरळ रिव्हेटच्या परंपरेतून आला. कडा तासाव्या लागत नाहीत, माप थोडे चुकले तरी चालते, म्हणून तो कारागिराला सोपा वाटतो. भारतीय मानक ८०० नुसार येथे दोन पट्ट्या एकमेकींवर किमान ४० मिलिमीटर किंवा पातळ पट्टीच्या जाडीच्या चौपट, यांपैकी जे अधिक असेल तितक्या चढल्या पाहिजेत.

तिसरा टी सांधा. एका पट्टीवर दुसरी काटकोनात उभी करून कोपऱ्यात त्रिकोणी भर घालतात. या भरीला 'फिलेट' म्हणतात. येथे रॉड दोन्ही पट्ट्यांशी साधारण ४५ अंशांत धरतात. तो उभ्या पट्टीकडे अधिक झुकला तर त्या पट्टीची कड खाल्ली जाऊन चर पडतो. फिलेटची प्रत्यक्ष ताकद तिच्या बाजूच्या लांबीवर नव्हे, तर मधल्या जाडीवर, म्हणजे बाजूच्या सुमारे ०.७ पटीवर अवलंबून असते. चौथा कोपऱ्याचा सांधा खिडक्यांच्या चौकटी, पेट्या व टाक्या यांत येतो. पाचवा कडेचा सांधा पातळ पत्र्यांच्या समांतर कडा जोडण्यासाठी असून त्यावर भार घालणे योग्य नसते.

या सर्व सांध्यांत हाताची मूळ शिस्त एकच असते. नेहमीच्या कामात रुटाइल लेपाचा, ई६०१३ या वर्गातला रॉड वापरला जातो. २.५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर आणि ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. काडी ओढावी तसा रॉड घासून किंवा हलकेच टेकवून आर्क पेटवितात. त्यानंतर रॉडचे टोक व काम यांच्यामधील अंतर आतील तारेच्या व्यासाइतके राखतात. अंतर वाढले की आर्क भरकटतो, ठिणग्या उडतात आणि हवा आत शिरते. ते फारच कमी झाले की रॉड चिकटतो. रॉड जाण्याच्या दिशेकडे किंचित कलता ठेवून मळीला रसाच्या मागे राहू द्यावे लागते. मळी रसाच्या पुढे धावली तर ती सांध्यात गाडली जाते. काम आरंभी लहान टाक्यांनी पक्के करतात, कारण थंड होताना रस आकसतो आणि पट्टी भरीच्या बाजूला ओढतो. प्रत्येक थरानंतर मळी ठोकून व तारेच्या ब्रशाने घासून काढतात. नवशिक्या वेल्डर ज्योतीकडे पाहतो आणि जाणता वेल्डर ज्योतीमागच्या रसाकडे, हा या कलेतला सर्वांत महत्त्वाचा भेद आहे.

खारी हवा आणि पाठ्यपुस्तकाची मर्यादा

आतापर्यंत सांगितलेली रीत देशावर जशी, तशीच किनाऱ्यावरही लागू आहे. भेद पडतो तो सांधा पूर्ण झाल्यावर. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी स्वतःकडे ओढून विरघळू लागते. शिरोड्यासारख्या ठिकाणी समुद्राच्या तुषारांबरोबर आलेले मिठाचे कण लोखंडावर बसतात आणि वर्षाचा मोठा काळ ओलसर राहतात. त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंडावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर असतो. गंजण्याची क्रिया विद्युत् रासायनिक असल्याने हा थर तिला पोषक ठरतो.

या हवेत सर्वांत आधी बिघडतो तो लॅप सांधा. एका बाजूने किंवा तुटक टाके घालून केलेला लॅप कोरड्या प्रदेशात अनेक वर्षे टिकू शकतो. किनाऱ्यावर मात्र दोन पट्ट्यांमधील न सांधलेल्या फटीत खारे पाणी शिरते. ते तेथून सुकत नाही आणि त्या जागी रंगही पोहोचत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने तो पट्ट्यांना आतून फाकवितो. बाहेरून शाबूत दिसणारा टाका अशा वेळी आतल्या दाबाने उकलतो. रिव्हेटच्या ज्या फटीमुळे शेलबर्ग यांना रॉडचा शोध लावावा लागला, तीच फट अपुऱ्या वेल्डिंगमुळे पुन्हा निर्माण होते, हे येथे लक्षणीय आहे. म्हणून किनाऱ्यावर लॅप सांधा चारही कडांनी बंद करणे, किंवा शक्य तेथे त्याऐवजी बट सांधा घालणे, हीच योग्य रीत ठरते. भारतीय मानकांनुसार वारंवार बदलणारा व धक्क्याचा भार येणाऱ्या ठिकाणी तुटक वेल्डिंग मुळातच वर्ज्य आहे. मासेमारी नौकेवरील जाळे ओढण्याच्या यंत्राची बैठक हे अशा भाराचे उत्तम उदाहरण होय. तेथे सांधा उकलणे म्हणजे केवळ लोखंडाचे नुकसान नव्हे. भर समुद्रात ताणलेल्या दोरीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न असतो.

दुसरी अडचण जस्ताच्या मुलाम्याची. गंजापासून बचाव म्हणून किनाऱ्यावर जस्त चढविलेले पाइप व पत्रे पसंत केले जातात. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि आर्कचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते. परिणामी सांध्याच्या दोन्ही अंगांचा मुलामा जळून जातो. संरक्षणाची सर्वाधिक गरज असलेल्या जागीच लोखंड उघडे पडते. त्यामुळे सांध्यापूर्वी मुलामा घासून काढणे आणि सांध्यानंतर त्या जागी जस्तयुक्त रंगाचे थर देणे हा सांधण्याच्या कामाचाच भाग मानला पाहिजे. मळीच्या बाबतीतही हेच म्हणता येते. कोपऱ्यात राहिलेल्या मळीवर दिलेला रंग मळीबरोबरच गळून पडतो. पोकळ चौकोनी पाइपचे तोंड उघडे राहिले तर गंज आतून सुरू होतो आणि तो दिसतो तेव्हा पाइपचे पापुद्रेच उरलेले असतात.

तिसरी अडचण पावसाळ्याची. या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या काळात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. रॉडचा लेप ओलावा शोषतो. ओला रॉड तडतडतो, सांध्यात बारीक छिद्रे पाडतो आणि ओलाव्यातील हायड्रोजन सांध्यात शिरतो. भारी कामासाठी वापरला जाणारा ई७०१८ वर्गातला रॉड तर या हायड्रोजनपासून सांध्याला वाचविण्यासाठीच बनविलेला असतो. तो वापरण्यापूर्वी सुमारे ३०० ते ३५० अंशांवर भाजून घ्यावा लागतो. अशी भट्टी लहान कार्यशाळेत क्वचितच असते. तेथे उघड्या खोक्यातला महागडा रॉड वापरण्यापेक्षा हवाबंद ठेवलेला साधा रॉड अधिक विश्वासाचा ठरू शकतो.

हाताचे ज्ञान आणि शरीराची किंमत

या तंत्राचा इतिहास सांगताना कारागिराच्या शरीराचा उल्लेख टाळता येत नाही. आर्कमधील अतिनील किरणांनी डोळ्यांच्या पृष्ठभागाला इजा होते. तिची वेदना लगेच जाणवत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी सुरू होते. जस्ताचा धूर श्वासात गेल्यास थंडीताप भरतो. आर्क पेटण्यापूर्वी यंत्राच्या टोकांत ५० ते ८० व्होल्ट दाब असतो. कोरड्या हातमोज्यांत तो जाणवत नाही. परंतु घामाने किंवा पावसाने भिजलेल्या कपड्यांत, ओल्या जमिनीवर, तोच दाब प्राणघातक होऊ शकतो. योग्य गडद काच, कोरडे चामडी हातमोजे, पायांखाली लाकडी फळी आणि मोकळी हवा या चार गोष्टी म्हणूनच तंत्राच्या बाहेरच्या नाहीत. काळ्या चष्म्यावर किंवा डोळे मिटून टाका मारण्याची सवय हे कौशल्याचे लक्षण नव्हे.

२००० नंतर जड रोहित्रांची जागा हलक्या इन्व्हर्टर यंत्रांनी घेण्यास प्रारंभ केला. आज खांद्याला अडकवून नेता येईल असे यंत्र दुरुस्तीच्या जागी पोहोचते. यंत्र सोपे झाले, पण त्यामुळे शिक्षणाचा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. पूर्वी यंत्राच्या किमतीमुळे हे काम उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या माणसाकडेच राहत असे. आता यंत्र कोणीही आणू शकतो. आर्क पेटविणे एका दिवसात येते. सांध्याच्या मुळापर्यंत रस पोहोचला की नाही हे ओळखण्यास मात्र वर्षे लागतात. हे ज्ञान आवाजात आहे, रसाच्या रंगात आहे, मळी किती सहज सुटते यात आहे. ते बहुतांशी लिहिलेले नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की रॉडचे वेल्डिंग हे परंपरेशी नाते तोडून आलेले तंत्र नाही. अभिवाहाची कल्पना लोहाराच्या भट्टीवरची आहे आणि लॅप सांधा रिव्हेटचा वारस आहे. दुसरा निष्कर्ष असा की या रॉडच्या जन्मामागे जहाजांची गळती होती. समुद्राच्या गरजेतून निर्माण झालेले तंत्र शिरोड्यासारख्या समुद्रकाठच्या गावात आले, तेव्हा ते एका अर्थाने आपल्या मूळ प्रश्नाशीच पुन्हा येऊन भिडले. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की सर्वसाधारण पाठ्यपुस्तकातील सांधा किनाऱ्यावर पुरेसा नाही. चारही कडा बंद करणे, मळी पूर्ण काढणे, जळालेले जस्त भरून काढणे आणि रॉड कोरडा राखणे या गोष्टी कोकणात ऐच्छिक नसून मूलभूत तंत्रातच मोडतात. किनारी जिल्ह्यांतील प्रशिक्षणात त्यांना प्रत्यक्षिकांसह स्वतंत्र स्थान मिळणे आवश्यक आहे.

१९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांत मूठभर मीठ उचलणाऱ्या सत्याग्रहींचा इतिहास लिहिला गेला आणि तो योग्यच झाले. त्याच मिठाशी रोज झगडून नौकेची बैठक, विहिरीवरचा पंप आणि शाळेचे फाटक उभे ठेवणाऱ्या कारागिरांचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे. त्याची साधने दप्तरखान्यात मिळणार नाहीत. ती जुन्या सांध्यांत आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणींत आहेत. यांपैकी सांधे गंजत आहेत आणि माणसे थकत आहेत. महाविद्यालयांतील इतिहास विभाग व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी एकत्र येऊन या आठवणींची ध्वनिमुद्रणे व टिकलेल्या सांध्यांची छायाचित्रे जमविल्यास, एका दुर्लक्षित व्यवसायाचा इतिहास सिद्ध होईल आणि पुढच्या वेल्डरला या हवेत काय टिकते याचा लेखी आधारही मिळेल.